डोंगर उतरणाऱ्यांची साक्ष

ठाणे जिल्हा परिषदेत मी प्राथमिक शिक्षक म्हणून लागलो तेव्हा शिक्षकांच्या बोलण्यात जिल्ह्याचे दोनच भाग असत : बंदरपट्टी आणि जंगलपट्टी. बंदरपट्टीत वसई, पालघर, डहाणू. जंगलपट्टीत जव्हार, मोखाडा, वाडा, तलासरी. जंगलपट्टीतली बदली ही शिक्षा, असे सगळे धरून चालत. माझी पहिली पाच वर्षे जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर गेली. त्या काळात सातपाटीच्या आमच्या घरी माझ्याविषयी, तुरुंगात असलेल्या माणसाविषयी बोलावे तसे हळू आवाजात बोलत. आज त्याच सातपाटीत, लग्नात किंवा बाराव्याला, चार निवृत्त माणसे शेजारी बसली की कोणीतरी म्हणतो, "वर कुठेतरी एक घर बघायला पाहिजे." वर म्हणजे जव्हारकडे, विक्रमगडकडे, फार तर त्र्यंबकच्या वाटेवर.

हे बोलणे हवापालटाच्या हौसेतून आलेले नाही. सातपाटी समुद्राला पाठ टेकून बसलेले गाव आहे आणि ती पाठ आता दुखते. पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि वारा एकत्र आले की धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावरून पाणी गल्लीत उतरते. बंधाऱ्याचे दगड दरवर्षी कुठे ना कुठे ढासळतात. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत भिंतीवर पाण्याच्या रेषा आहेत. सुना-नातवंडांच्या उंचीच्या खुणा करतात तशा आम्ही त्यांच्या बाजूला साल लिहितो. ज्या पापलेटवर हे गाव मोठे झाले त्याला २०२३ साली राज्यमाशाचा मान मिळाला. मान मिळायच्या आधीच जाळ्यातला आकडा खाली आला होता. उत्तरेला वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्टला पायाभरणीही झाली. ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या त्या बंदराने मासेमारीची जागा किती जाईल यावर किनाऱ्यावरच्या प्रत्येक संस्थेच्या सभेत आवाज चढतो. अशा वेळी पन्नाशी ओलांडलेला माणूस पूर्वेकडे, डोंगराकडे पाहू लागला तर नवल नाही.

माझ्यापुरते कारण आणखी एक आहे. माझ्या हृदयाच्या नळ्यांत दोन स्टेंट आहेत. मध्यरात्री गुडघाभर पाण्यातून कपाट उचलून पलंगावर ठेवणे हे काम डॉक्टरांनी मला लेखी मना केलेले नाही, पण बायकोने केले आहे. तेव्हा गेली दोन वर्षे मी गावे बघत फिरतो आहे, वहीत टिपणे काढतो आहे. हा लेख त्या वहीतून झाला. डोंगराजवळचे लहान गाव राहायला निवडताना काय तपासावे, हा त्याचा विषय. उत्तर मात्र मला गावे बघून कमी आणि ती गावे सोडून येणाऱ्या माणसांकडून जास्त मिळाले. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होऊ लागतात. टेम्पो, जीप, एसटी भरभरून माणसे खाली येतात : वाडा, भिवंडी, वसईच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, वाड्यांतून, आणि आमच्याकडे बोटींवर. जो माणूस आपले डोंगरातले घर वर्षातले सहा महिने बंद ठेवतो, त्याला त्या घराची किंमत दलालापेक्षा नक्की ठाऊक असते.

आधी भूगोल सांगतो, कारण "डोंगर" म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळे काही येते. सातपाटीहून पालघर आठ-नऊ किलोमीटर. पालघर सोडले की लगेच पहिली डोंगरांची रांग लागते. मनोरचा रस्ता वाघोबा खिंडीतून जातो, वर काळदुर्ग दिसतो. पुष्कळांना हाच डोंगर वाटतो आणि पायथ्याशी एखादा बंगला पाहून ते समाधान मानतात. पण ही रांग म्हणजे उंबरठा. मनोरला मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडून विक्रमगडकडे निघाले की जमीन हळूहळू उचलत जाते आणि जव्हारच्या अलीकडे घाट लागतो. जव्हार सुमारे साडेचौदाशे फुटांवर आहे. तिथून पूर्वेला मोखाडा, पुढे त्र्यंबकेश्वर आणि नाशिक. मोखाड्याकडचा सूर्यमाळ जव्हारहूनही उंच. उंचीचे हे आकडे महाबळेश्वरच्या माणसाला हसू आणतील. पण मे महिन्याच्या रात्री किनाऱ्यावर अंगाला चिकटणारा दमटपणा साडेचौदाशे फुटांवर सुटतो, हे मी पाच उन्हाळे अंगावर घेऊन सांगतो. दुपारचे ऊन मात्र तिथेही ऊनच असते.

आपल्याकडची डोंगरावरची बहुतेक नावाजलेली गावे खालच्या माणसांनी थंड हवेसाठी वसवली. माथेरान १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी "शोधले" असे पुस्तकांत छापतात, जणू त्याआधी तिथे ठाकर-धनगर राहतच नव्हते. जव्हारचे तसे नाही. ते डोंगरातल्याच माणसांच्या राज्याची राजधानी होते. महादेव कोळी समाजाच्या मुकणे घराण्याचे हे संस्थान. परंपरेने त्याची सुरुवात चौदाव्या शतकात धरतात आणि १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाकडून राजा ही पदवी मिळाल्याचे सांगतात. १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज इथे थांबल्याची आठवण शिरपामाळ या जागेशी जोडलेली आहे. नगरपालिका १९१८ सालची. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे; त्यांचा जयविलास राजवाडा अजून पाहायला लोक येतात. सुमारे ३१० चौरस मैलांचे हे राज्य १९४८ मध्ये विलीन झाले, पण राजधानीपणाची सवय गावाला राहिली. कचेऱ्या, शाळा, वसतिगृहे, एसटीचे आगार, प्रकल्प कार्यालय, बाजार, सगळे पायी फिरण्याच्या अंतरात. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती बारा हजारांच्या आसपास होती. म्हाताऱ्या माणसाला या गोष्टी देखाव्याहून जास्त उपयोगी पडतात. हनुमान पॉइंटवरून सूर्यास्त महिन्यातून एकदा बघितला तरी पुरतो. औषधाचे दुकान रोज लागते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा जिल्हा निघाला तेव्हा मुख्यालय जव्हारला व्हावे अशी जोरदार मागणी होती. मुख्यालय पालघरला गेले, रेल्वेच्या बाजूला. या एका निर्णयाने जव्हारची हवा टिकली आणि भाव आवाक्यात राहिले, असे मला वाटते. जव्हारच्या माणसापुढे हे वाक्य मी बोलत नाही.

आता पाणी. या विषयावर थोडे रेंगाळायला हवे, कारण घर पाहायला येणारे निम्मे लोक पावसाळ्यात येतात, दाभोसा धबधबा पाहून भारावतात आणि बयाणा देऊन जातात. जव्हार-मोखाड्यात पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हे ऐकून हेवा वाटेल. तरीही मार्च सरला की मोखाड्याच्या कितीतरी पाड्यांवर टँकर सुरू होतात आणि बाया हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. कारण दगडात आहे. हा सगळा काळ्या बेसॉल्टचा मुलूख. माती पातळ, खाली कातळ, उतार तीव्र. पडलेले पाणी मुरायला जागाच मिळत नाही. जे मुरते ते कातळाच्या भेगांत आणि थरांमधल्या सांध्यांत, तेवढाच पुढचा साठा. बाकीचे चार महिन्यांत ओहोळांनी नदीला आणि नदीने आमच्या समुद्राला. पाड्यावर शिकवताना मला हे एका चौथीतल्या मुलाने एका वाक्यात समजावले होते : "गुर्जी, आमचा पाऊस थांबत नाय, जातो."

जातो तो कुठे, हेही पाहण्यासारखे आहे. वैतरणा नदीवर मुंबईसाठी एकामागून एक तीन धरणे झाली : मोडकसागर १९५७ मध्ये, अप्पर वैतरणा १९७० च्या दशकात, मध्य वैतरणा २०१४ मध्ये. यातले शेवटचे मोखाडा तालुक्यात आहे. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकर धावतो आणि जलवाहिनी दीडशे किलोमीटरच्या आत दादरच्या चाळीत नळाला धार आणते. आपण किनाऱ्यावरच्यांनीही फार सोवळे राहू नये. सूर्या नदीवर धामणी आणि कवडास बांधले. त्यांच्या पाण्यावर बंदरपट्टीची शेती, तारापूरचे कारखाने आणि वसई-विरारची घरे जगतात. धरणात ज्यांची घरे बुडाली ते डोंगरातले लोक खाली पुनर्वसनाच्या वसाहतीत आणून बसवले गेले. म्हणजे मी जेव्हा पाण्याच्या भीतीने वर जायचे म्हणतो, तेव्हा त्याच वाटेने पाण्यामुळे खाली आलेली माणसे मला भेटतात. सातपाटीत पाणी जास्त झाले, त्यांच्या गावात पाणी अडवले.

व्यवहारात याचा अर्थ असा की घर मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाहावे. सकाळी सहा वाजता जाऊन थांबावे आणि नळ किती वेळ येतो, शेजारची बाई किती भांडी भरून ठेवते, ते मोजावे. जव्हार शहराला जयसागरचे धरण आहे, त्यामुळे पालिकेच्या हद्दीतली स्थिती पाड्यांहून खूपच बरी. हद्द ओलांडून दीड किलोमीटरवर "निसर्गरम्य" प्लॉट दाखवतात तिथे मात्र प्रश्न विचारावा, बोअरला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असते. दोन ठिकाणी मला "बारमाही" असे उत्तर मिळाले. दोन्ही ठिकाणी अंगणात टँकरचे पाणी साठवायची काळी टाकी होती.

पाण्याइतकाच, किंबहुना जास्तच, जमिनीचा प्रश्न समजून घ्यायला हवा. इथे हौशी माणूस फसतो आणि फसताना दुसऱ्याला बुडवतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, डहाणू, तलासरी हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रात आहेत; पालघर आणि वसईचाही काही भाग त्यात येतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात १९७४ साली कलम ३६-अ घातले गेले. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विक्री, दान, गहाण, भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने जायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि विक्रीसारख्या हस्तांतराला त्याआधी शासनाची मान्यता. त्याच साली दुसरा कायदा होऊन आधी गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद झाली. याशिवाय कूळकायद्याचे कलम ६३ आहेच : जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घेता येत नाही. मी मासेमाराच्या घरातला. आमच्याकडे होडी, जाळी, ओटी आणि वाळवणाची जागा, सातबारा नाही. तेव्हा जव्हारच्या परिसरात शेतजमिनीचा तुकडा घेण्याचा मार्ग मला दोन्ही बाजूंनी बंद आहे आणि तो बंद आहे हे बरे आहे.

दलाल त्यावर तोडगा सांगतात. "कागदावर नाव आदिवासीचे ठेवू, ताबा तुमचा." कुठल्या तरी गड्याच्या नावावर जमीन घ्यायची, त्याला दोन पैसे द्यायचे, आणि तिथे "फार्महाउस" उभारायचे. हा बेनामी व्यवहार आहे. कायद्याची भीती नको असेल तरी इतिहासाची असावी. याच भागात सावकार आणि जमीनदार बाहेरून आले, कर्जाच्या कागदावर अंगठे घेतले आणि जमिनी गेल्या. लग्नासाठी घेतलेल्या पैशापायी नवरा-बायको दोघे मालकाकडे राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली वारली उठले. त्या ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार होऊन माणसे पडली. गोदावरी परुळेकर यांचे "जेव्हा माणूस जागा होतो" हे पुस्तक वाचकांपैकी पुष्कळांच्या कपाटात असेल. तलवाडा आज विक्रमगडच्या रस्त्यावर आहे, जिथून आपण डोंगर बघायला गाडीने जातो.

जव्हारच्या संस्थापकाविषयी एक दंतकथा गॅझेटियरमध्येही आलेली आहे. बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन त्याने मागितली, मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी मोठा मुलूख वेढला. कार्थेजच्या डिडो राणीची गोष्टही हीच. भूमध्य समुद्रापासून सह्याद्रीपर्यंत ही कथा फिरली, कारण "थोडीशीच जागा हवी" म्हणत येणारा माणूस सगळीकडे ओळखीचा आहे. दलालाच्या तोंडून "फक्त दहा गुंठे" ऐकले की मला त्या वाद्या आठवतात. तेव्हा राहायचेच असेल तर पालिकेच्या हद्दीतले, बिगरशेती झालेले, जुने बांधलेले घर किंवा सदनिका पाहावी. सातबारा असला तर त्यावरचा "इतर हक्क" हा रकाना आधी वाचावा, भोगवटादाराचा वर्ग नंतर आणि देखावा सर्वांत शेवटी. सर्वांत उत्तम म्हणजे भाड्याने राहावे.

दवाखान्याच्या बाबतीत मी आमच्या गावात येणाऱ्या एका खलाशाचे ऐकले. तो जव्हार तालुक्यातला, माझ्या जुन्या शाळेपासून दोन डोंगर पलीकडचा. किनाऱ्यावरच्या बोटींवर आज तांडेल गावचा आणि खलाशी डोंगरातले, असे पुष्कळदा असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात तो घरी राब, नांगरणी, आवणी उरकतो आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास बोटीवर हजर होतो. भातकापणी बायकोच्या अंगावर पडते. ती कापणी आटोपून दिवाळीनंतर मुलांसकट वीटभट्टीवर जाते. मे अखेरीला दोघे पुन्हा एका घरात. मी वर राहायला जायचा विचार सांगितला तेव्हा तो बराच वेळ जाळ्याचा फाटका भाग चाचपत राहिला. मग म्हणाला, "गुर्जी, तुमच्या छातीत ते घातलेला हाय ना? मग पावसाचा नका जाऊ. पावसाचा मोठा ओहोळ भरला का गाडी नाय येत."

"मी जव्हार गावातच राहणार. तिथे हॉस्पिटल आहे."

"हाय ना. चांगला हाय. बायकोचा बाळंतपण तिथंच झाला. पण तुमच्यासारख्याला नाशकाला नाय तर सेल्वासला पाठवतात."

त्याच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय हा त्या सगळ्या डोंगराळ भागाचा आधार आहे. बाळंतपण, सर्पदंश, ताप, लहान मुले यांसाठी लोक लांबून तिथे येतात. हृदयाच्या नळीची शस्त्रक्रिया करायची तर मात्र नाशिक, म्हणजे सुमारे ऐंशी किलोमीटर, आणि त्यात घाट. सातपाटीहून मला नेले तेव्हा आधी पालघर आणि मग मुंबईच्या दिशेने रुग्णवाहिका गेली. अंतर नव्वदच्या पुढेच होते, पण रस्ता सपाट. आकड्यांत दोन्हीकडे फारसा फरक नाही. फरक रात्रीचा आणि पावसाचा आहे. बायकोने हे ऐकून नकाशावर बोट ठेवले आणि विचारले, "म्हणजे इथे घरात पाणी येते तेव्हाच तिथे रस्त्यावर पाणी येते?" दोन वर्षांच्या माझ्या टिपणांतला हा सगळ्यांत अवघड प्रश्न.

माझ्या नोकरीच्या काळातली एक गोष्ट इथे टाळता येत नाही. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावली. मंत्री आले, पत्रकार आले, मग रस्ते, अंगणवाड्या, कार्यालये, अधिकारी आले. आज जव्हारला एवढ्या लहान गावाच्या मानाने जास्त सरकारी यंत्रणा दिसते तिच्यामागे ती मुले आहेत. नव्याने राहायला जाणारा माणूस ज्या रस्त्याने आणि ज्या दवाखान्यात जाईल तो कशामुळे तिथवर पोचला, हे त्याने जाणून जावे.

बाकीच्या गावांविषयी थोडक्यात. वाडा मोठा बाजार आहे, भिवंडी-ठाण्याशी जवळ, भाताचे नाव चांगले. पण कारखाने आणि भट्ट्यांमुळे डोंगराजवळ असून डोंगरात असल्यासारखे वाटत नाही. विक्रमगड आमच्या जवळचे, मोगऱ्याच्या बागांनी अलीकडे नाव मिळवलेले, पण उंची नाही. मे महिन्यात ते पालघरहून तापते. मोखाडा आणि खोडाळा मला मनापासून आवडतात, बोहाड्याच्या मुखवट्यांच्या रात्री मी तिथे जागवल्या आहेत, परंतु पाणी आणि दवाखाना या दोन्ही कसोट्यांवर माझ्या वयाला ती गावे परवडत नाहीत. डहाणू-तलासरीच्या आतल्या बाजूला, धुंदलवाडीच्या परिसरात, नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे लहान-मोठे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता आणि त्या थंडीत माणसे ताडपत्रीखाली झोपली. मुलगा बोईसरला असतो, तो म्हणतो, "आमच्याकडेच या." बोईसर समुद्रापासून दूर आणि सोयींनी भरलेले आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीची हवा मात्र सूनबाईच कपडे आत वाळवून सांगते. अणुऊर्जा केंद्राभोवतीच्या सोळा किलोमीटरच्या आपत्कालीन पट्ट्याचा प्रश्न काढायचा तर सातपाटीही त्यात येतेच, तेव्हा त्या बाबतीत आम्ही बोईसरकरांना नावे ठेवू शकत नाही.

अक्करपट्टी आणि पोफरणची आठवण मात्र येते. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी ही दोन गावे उठली. खाडीकाठची माणसे आखीव रस्त्यांच्या वसाहतीत गेली. त्यांच्यातले एक जुने मासेमार मला म्हणाले होते, घर पक्के मिळाले, पण सकाळी उठून कुठल्या दिशेला बघायचे ते कळत नाही. मी स्वखुशीने जाणार, त्यांना जावे लागले. तरी हा दिशेचा प्रश्न सातपाटीच्या माणसाला लागू आहे. भरती-ओहोटीवर ज्याचे जेवण-झोप ठरली, त्याला डोंगरात घड्याळ लावून जगावे लागेल.

माशांचे काय, हा प्रश्न आमच्याकडे कोणी गमतीने विचारत नाही. सुदैवाने त्याची सोय माझ्या आजीच्या पिढीनेच करून ठेवलेली आहे. आगोटीच्या आधी किनाऱ्यावरच्या बायका सुके बोंबील, मांदेली, जवळा, सुकट पाट्यांत भरून मनोर, विक्रमगड, जव्हारच्या आठवडे बाजारांना नेत. डोंगरातल्या माणसाला पावसाळ्यातले कालवण तेच. बदल्यात नागली, वरई, उडीद, मोहाची फुले, कधी मध असे घेऊन त्या परतत. पैशाचा हिशेब असे, तसा नात्याचाही. एका घरी पावसात अडकलेली आजी तीन दिवस राहिली होती. त्या घरच्या माणसाला ती शेवटपर्यंत भाऊ म्हणे. आता टेम्पो आले आणि माल घाऊक जातो, तरी जव्हारच्या बाजारात सुक्या मासळीच्या रांगेत आमच्या बोलीतली एखादी हाक अजून ऐकू येते. खालच्या माणसाचा डोंगराशी जुना संबंध म्हणायचा तर हा आहे. त्यात कोणी जमीन मागितली नव्हती.

खलाशाच्या वर्षाचे वेळापत्रक मी वहीत मांडले आणि त्याखाली माझ्या अडचणी लिहिल्या. सातपाटीत धोका जून ते सप्टेंबर. डोंगरात पाण्याची टंचाई मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत. दिवाळीपासून मेपर्यंत किनारा चांगला, पावसाळ्यात डोंगर हिरवा आणि पाण्याने भरलेला. पाऊस पडला की वर, कापणी झाली की खाली : डोंगरातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जे करतात तेच वेळापत्रक माझ्या अडचणींवरही बसत होते. त्यांच्यासाठी ती पोटाची ओढाताण आहे, मुलांची शाळा दरवर्षी मधेच तुटते, भट्टीवरची उचल फिटत नाही. माझ्यासाठी ती निवृत्तिवेतनावरची सोय. दोन्हींना एकाच शब्दाने स्थलांतर म्हणायला शिक्षक म्हणून मला संकोच वाटतो. पण घर विकून कायमचे वर जाण्याचा बेत त्या तक्त्याने मागे पडला. बायकोचा प्रश्न तेवढा उरला होता, पावसातल्या रस्त्याचा. त्याचे उत्तर असे काढले की खोली रुग्णालयापासून चालत दहा मिनिटांवर घ्यायची, पाड्यावर नाही, दरीच्या कडेला नाही. पहिल्या तासाचे उपचार तिथे होतील, आणि पुढचे नाशिकला नेण्याचे मुलाने आधी एकदा गाडी चालवून पाहिले आहे. घाटातली दोन वळणे त्याला आवडली नाहीत, हेही त्याने सांगितले. डॉक्टरांनी औषधे तीन महिन्यांची एकदम लिहून द्यायचे कबूल केले. सातपाटीचे घर पावसाळ्यात भाच्याच्या ताब्यात राहील. कपाट त्याने आतापासून विटांवर चढवून ठेवले आहे.

तर येत्या जूनपासून सप्टेंबरअखेर जव्हारला एक खोली भाड्याने बोलून ठेवली आहे. घरमालक चकित झाले. त्यांच्याकडे लोक ऑक्टोबरनंतर, थंडीसाठी, नाहीतर शनिवार-रविवारी धबधब्यासाठी विचारतात. चार महिने पाऊस बघायला कोण येतो? मी त्यांना बंधारा, उधाण आणि भिंतीवरच्या रेषा समजावून सांगितल्या. खलाशाने निरोप पाठवला आहे की बोटी किनाऱ्याला लागल्या की तो एक दिवस खोली बघून जाईल, छप्पर कोणत्या बाजूने गळेल ते त्याला बाहेरूनच कळते. बायकोने सामानाची यादी केली आहे. तिच्यात पहिल्या ओळीवर दोन किलो सुके बोंबील आणि किलोभर सुकट आहे. पावसात बंद खोलीत तो वास घरमालकांना चालेल का, एवढे अजून विचारायचे राहिले आहे.